ऊसतोडीच्या गावांत म्हातारपण, विस्मरण आणि देखभाल : अभ्यास कसा करावा

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत साठीपुढील माणसांची स्मरणशक्ती आणि त्यांची घरात होणारी देखभाल यांवर तिला प्रबंध लिहायचा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने तिच्या हाती आहेत, स्मरणशक्तीची एक इंग्रजी चाचणी आणि काळजीवाहकांच्या ताणाची एक प्रश्नावली तिने मराठीत भाषांतरित करून घेतली आहे, आणि दोनशे घरांना भेट देण्याचा तिचा विचार आहे. सुरुवात कशी करावी, असा तिचा प्रश्न आहे. मराठवाड्यातील खेड्यांत वृद्धांच्या पाहणीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्वांत आधी तुमच्या वेळापत्रकाविषयी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळ्या गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे मुलगा आणि सून दोघेही एकदमच जातात, ते कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे, परत येत नाहीत. तुम्ही डिसेंबरात गावात जाल तेव्हा म्हातारी माणसे भेटतील, नातवंडे भेटतील, पण तुमच्या प्रश्नावलीला ज्यांची उत्तरे हवी आहेत ती मधली पिढी शे-दोनशे मैलांवर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असेल. शिवाय काही म्हातारी माणसेही गावात नसतील. ज्यांचे हातपाय चालतात त्यांना भाकरी करायला आणि लहान मुले सांभाळायला कोपीवर नेले जाते. म्हणजे हंगामात गावात उरलेल्या वृद्धांमध्ये अशक्त आणि आजारी माणसांचे प्रमाण आपोआप जास्त असते, आणि त्यांच्यावरून साऱ्या गावाचा आकडा काढला तर तो फुगलेला निघतो.

म्हणून दोनशे घरांचा नाद सोडा. साठ-सत्तर घरे निवडा आणि प्रत्येक घरी दोनदा जा, एकदा हंगामात आणि एकदा टोळ्या परत आल्यावर चैत्र-वैशाखात. तुमच्या मार्गदर्शकांना मुदतवाढीसाठी गळ घालावी लागेल, पण एकाच घराचे हे दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय या गावांतील देखभालीविषयी खात्रीने काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

हे मला कुठे कळले तेही सांगतो. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवर आम्ही जानेवारीत गेलो होतो. घरात पंचाहत्तरीच्या आसपासचे आजोबा आणि अकरा वर्षांची नात. आजोबा रात्री उठून बाहेर पडत. आपली बैलजोडी रानात राहिली आहे असे त्यांना वाटे. बैल विकून सात-आठ वर्षे झाली होती. मुलीने बैलांच्या जुन्या घुंगरमाळेतील चार घुंगरू सुटे करून दाराच्या कडीला सुतळीने बांधले होते, कडी हलली की तिला जाग यावी म्हणून. ती त्यांना हाताला धरून आत आणी, “बैल बांधलेत बाबा, वैरण टाकली,” असे म्हणे, आणि ते झोपत. सकाळी भाकऱ्या करून, शेजारच्या बाईला सांगून, ती शाळेत जाई. आमच्या अर्जात ‘मुख्य काळजीवाहक’ असा रकाना होता आणि त्याखाली ‘वय १८ वर्षे पूर्ण’ ही अट होती. माझ्या सहकाऱ्याने तिथे सुनेचे नाव लिहिले, जी त्या दिवशी दूरच्या एका कारखान्याच्या फडात ऊस तोडत होती. शाळेच्या दप्तरी तर उलटच नोंद होती: आईवडील स्थलांतरित, मुलगी आजोबांच्या सांभाळात.

तेव्हापासून मी काळजीवाहक कोण हा प्रश्न विचारणेच बंद केले आहे. त्याऐवजी कामे विचारतो, आणि तीही कालच्या दिवसापुरती. काल सकाळी चूल कोणी पेटवली, आंघोळीचे पाणी कोणी दिले, परसाकडे कोण घेऊन गेले, रक्तदाबाची गोळी कोणी हातावर ठेवली, रात्री किती वेळा उठावे लागले आणि कोण उठले. अशी वीसेक कामे लिहून प्रत्येकापुढे नाव, नाते आणि वय टिपले की चित्र पुष्कळ बदलते. त्यात पोर दिसते, शेजारीण दिसते, वेगळी चूल असलेली धाकटी जाऊ दिसते, गावातच दिलेली लेक दिसते, आणि फोनवरून रोज संध्याकाळी “मामा, गोळी घेतली का?” असे विचारणारी सूनही दिसते. तिचे ते विचारणेही देखभालच आहे, त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. लहान मुलांना प्रश्न विचारायचे असतील तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतात. पालक कोपीवर असल्यामुळे ही संमती टोळी जाण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास घेऊन ठेवावी लागते, आणि संस्थेच्या नैतिकता समितीपुढे हे आधीच मांडावे लागते.

आता चाचणीकडे वळू. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून आणले आहे असे तुम्ही लिहिता, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. या गावांतील सत्तरीपुढच्या बहुतेक स्त्रिया शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्या हातात पेन्सिल देऊन पंचकोन काढायला सांगणे, शंभरातून सात वजा करत जायला सांगणे, कागदावरचे वाक्य वाचून तसे करायला सांगणे, यातून त्यांची शाळा मोजली जाते, स्मरणशक्ती नव्हे. हा प्रश्न आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीच हाताळला गेला आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ खेड्यांतील ५५ वर्षांवरील ५,१२६ जणांची पाहणी केली. त्यांपैकी ७३.३ टक्के निरक्षर होते. त्यांच्यासाठी त्यांनी प्रचलित चाचणीचे नुसते भाषांतर न करता ती नव्याने बांधली. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचायला देण्याऐवजी परीक्षकाने स्वतः डोळे मिटून दाखवायचे आणि समोरच्याने तसे करायचे, अशा प्रकारचे बदल तिच्यात आहेत. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन या नावाने ती ओळखली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे बहुभाषिक चाचणीसंच तयार केला, पण त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. मराठीसाठी, आणि त्यातही बीडच्या बोलीसाठी, हे काम तुम्हाला बरेचसे स्वतः करावे लागेल.

ते कसे करायचे याचे एक उदाहरण देतो. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाला एका आजींनी उत्तर दिले, “परवा एकादस झाली, उद्या शिवरात.” आमच्या उत्तरांच्या किल्लीप्रमाणे ते चूक होते, प्रत्यक्षात ते अगदी बरोबर होते. तिथी, बाजारचा वार, महिन्याचे मराठी नाव, पेरणी-काढणीचा काळ यांपैकी कोणती उत्तरे ग्राह्य धरायची हे पाहणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे आणि ते सर्व परीक्षकांनी सारखे पाळावे. आयत्या वेळी दया येऊन गुण देणे हेही संशोधनाचे नुकसानच आहे. आठवायला सांगायचे शब्द घरातले असावेत, पण एकाच कुळातले नसावेत. सूप, पाटा, चूल असे तीन शब्द दिले तर माणूस स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणून ते जुळवतो आणि चाचणी सोपी होऊन बसते. प्राण्यांची नावे एका मिनिटात सांगायला लावणे हा प्रकार मात्र आपल्याकडे छान चालतो. शेरडे-करडे राखलेल्या बायका त्यात पदवीधरांच्याही पुढे जातात. आकृती काढून घेण्याऐवजी काडेपेटीच्या काड्यांची आकृती मांडून ‘अशीच मांडा’ असे सांगण्याची पद्धत नायजेरियात, इबादान येथे वापरली गेली आहे, आणि आमच्या अनुभवात तीही इथल्या माणसांना अवघड वाटत नाही.

चाचणी कितीही चांगली बांधली तरी ती एकटी पुरत नाही, आणि हे सांगणारा एक आकडा तुमच्या प्रबंधात असायला हवा. १९९८ मध्ये कोची येथे संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याचे नावच १०/६६ असे आहे, कारण स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण ज्या विकसनशील देशांत राहतात त्यांच्या वाट्याला तेव्हा १० टक्क्यांहूनही कमी संशोधन येत होते. या गटाने २००८ मध्ये सात देशांतील निष्कर्ष प्रसिद्ध केले. रूढ अमेरिकी निकष लावले तर भारतातील ग्रामीण केंद्रात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ०.३ टक्के निघाले आणि क्यूबात ६.३ टक्के. गटाने स्वतः तयार केलेले निकष लावल्यावर मात्र सर्व केंद्रांतील प्रमाण ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले. ग्रामीण भारतात आजार नव्हता असे नाही. रूढ निकषांत रोजचे व्यवहार बिघडले पाहिजेत अशी अट आहे, आणि आपल्या घरांत वय झालेल्या माणसाकडून व्यवहाराची अपेक्षाच काढून घेतलेली असते. हिशेब मुलगा बघतो, चूल सून बघते, बाजार नातू करतो. मग काय बिघडले हे दिसणार कसे? ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तोंडी असलेल्या समाजात विसरणे ही तक्रार म्हणूनही कोणी सांगत नाही.

म्हणून घरच्यांना ‘विसरतात का?’ असे विचारू नका. बदल विचारा. पूर्वी स्वतः करत असलेले कोणते काम त्यांनी सोडले, आणि ते गुडघ्यांमुळे सोडले, दिसत नाही म्हणून सोडले की जमेना म्हणून सोडले? घरात लग्न ठरत असेल तर मत देतात का? सण कोणता आला हे कळते का? जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागतात का? बल्लभगढच्याच कामातून रोजच्या क्षमतांची एक छोटी प्रश्नावली तयार झाली आहे आणि तिच्यात अशाच धाटणीचे प्रश्न आहेत. ती जरूर पाहा. शब्दांची निवडही जपून करा. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गावात कोणी वापरत नाही. ‘भान राहत नाही’, ‘बावचळल्यासारखं करतात’, ‘म्हातारचळ लागलाय’ असे लोक म्हणतात, आणि या तिन्हींचा अर्थ एक नाही. म्हातारचळ म्हणताना हट्टीपणा आणि वयाला न शोभणारे वागणे मनात असते, आणि ‘भान राहत नाही’ असे म्हटले की बहुधा खरोखरच चौकशी करण्याजोगे काही असते. पहिले दोन आठवडे प्रश्नावली बाजूला ठेवून नुसते हे शब्द गोळा केलेत तरी ते दिवस कारणी लागतील.

अलीकडचा देशपातळीवरील अंदाज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने चालणाऱ्या लासी या वृद्धत्वाविषयीच्या दीर्घकालीन पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून आला आहे. ६० वर्षांवरील ४,०९६ जणांच्या सविस्तर तपासणीवरून देशात या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. तुमच्या साठ-सत्तर घरांतून टक्केवारी काढण्याचा प्रयत्न करू नका. या मोठ्या आकड्यांत जे दिसत नाही ते दाखवणे हे तुमचे काम आहे.

वय नोंदवतानाही सावध राहा. आधार कार्डावर अनेकांची जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि सालही अंदाजाने घातलेले आहे. स्मरणशक्तीच्या अभ्यासात पाच वर्षांची चूक फार मोठी ठरते. बीडमध्ये आम्ही घटनांवरून वय काढतो. रझाकारांच्या वेळी, म्हणजे १९४८ मध्ये, तुम्ही किती मोठे होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, सुकडी खाल्लेली आठवते का, तेव्हा लग्न झाले होते का, पहिले मूल कडेवर होते का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ मध्ये, थोरल्या नातवंडाचा जन्म झाला होता का? यातून वय तर मिळतेच, शिवाय जुन्या आठवणी किती सुसंगत आहेत याचाही अंदाज येतो. मात्र एक इशारा देतो. जुने खडान्‌खडा सांगणारा माणूस ठणठणीत आहे असे घरचे समजतात. प्रत्यक्षात आजाराच्या सुरुवातीला जुने टिकते आणि कालचे जाते.

कान आणि डोळे तपासल्याशिवाय एकही गुण लिहू नका. एका आजींना आमच्या चाचणीत तीसपैकी अकरा गुण पडले होते. दुसऱ्या भेटीत त्यांची लेक घरी होती, ती म्हणाली, “उजव्या कानाशी बसा, डावा गेलाय.” उजव्या बाजूला बसून तेच प्रश्न विचारले तेव्हा तेवीस आले. कानातला मळ, मोतीबिंदू, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, उदासीनता आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, यांतले प्रत्येक कारण विस्मरणासारखे दिसू शकते आणि त्यांतल्या बहुतेकांवर इलाज आहे. श्रवणदोष आणि दृष्टिदोष यांवर उपचार न होणे ही स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणे म्हणून लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात नोंदवलेली आहेत, म्हणजे हा विषय केवळ मोजमापाचाही राहत नाही.

ऊसतोडीच्या स्त्रियांबाबत आणखी एक गोष्ट तुमच्या अर्जात असावी. या जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी जाण्यापूर्वी बीजांडकोशही काढले गेले असतील तर पुढे बुद्धिक्षमता घटण्याचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या दीर्घ अभ्यासात २००७ मध्ये दिसले. या बायका आज तिशी-चाळिशीत आहेत आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्या तुमच्या वयोगटात येतील. आजच शस्त्रक्रियेचे वय आणि काय काय काढले याची, कागद असतील तर ते पाहून, नोंद झाली तर पुढच्या संशोधकाला ती सोन्यासारखी ठरेल. विचारणारी मात्र स्त्री असावी आणि घरात पुरुष नसताना विचारावे.

ताणाच्या प्रश्नावलीविषयी थोडक्यात लिहितो. झारिट यांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात, पण ‘तुम्हाला ओझे वाटते का?’ असे सुनेला विचारले की ती दुखावते किंवा घाबरते. “आपलंच माणूस हाय, करावंच लागतं,” एवढे म्हणून ती गप्प होते, कारण उंबऱ्यापाशी सासू किंवा दीर उभा असतो. आम्ही हे प्रश्न विहिरीवर, रानात किंवा दळण आणायला जाताना वाटेत विचारतो. आणि भावना विचारण्यापूर्वी खाडे विचारतो: या आठवड्यात म्हाताऱ्या माणसापायी किती खाडे झाले, किती रोज बुडाला, किती रात्री सलग झोप मिळाली नाही, स्वतःचे औषध कधी थांबवले, यंदाची उचल सासऱ्यांमुळे कमी घ्यावी लागली का, माहेरी शेवटचे कधी गेलात. खाड्याचा हिशेब सांगता सांगता बाईचे मन मोकळे होते, आणि मग तुमच्या प्रश्नावलीतले बरेचसे न विचारताच कळते.

संमतीच्या बाबतीत सरपंचांची परवानगी ही गावात शिरण्याची परवानगी आहे, कोणाचीही वैयक्तिक संमती नाही. निरक्षर व्यक्तीला माहिती वाचून दाखवावी, अंगठा घ्यावा आणि ज्याचा अभ्यासाशी संबंध नाही असा साक्षीदार ठेवावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्यांची समज कमी झाली आहे त्यांच्या वतीने घरच्यांनी संमती दिली तरी समोरच्या माणसाने मान फिरवली किंवा हात सोडवून घेतला तर तो नकार समजून उठावे. आम्ही एकदा असे उठलो नाही. सुनेच्या आग्रहाखातर प्रश्न पुढे रेटले, आणि आजोबा सगळ्यांसमोर रडू लागले. त्या दिवसाची आठवण मला अजूनही बोचते.

ज्या घरात आजाराची शंका येईल तिथे तुम्ही काय करणार, हे पहिल्या भेटीआधी ठरलेले हवे. आशाताईंच्या तपासणी अर्जात साठीपुढील व्यक्तींसाठी ‘जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का?’ असा प्रश्न आहेच. त्यामुळे त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, म्हणजे तुम्ही गेल्यावरही नोंद गावात राहील. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि कान पाहून घेता येतात. पुढच्या तपासणीसाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. तिथे जाण्याचा दिवस आणि गाडीभाडे कोणाच्या रोजातून जाणार, हेही विचारून ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सुनेच्या फोनमध्ये तिच्यासमोर साठवून द्या, कारण हंगामात ती कोपीवरूनही तो लावू शकते.

एक मे रोजी ग्रामसभा असते आणि तोवर टोळ्या परतलेल्या असतात. त्या सभेत कोणाच्याही घराचा उल्लेख न करता तुमच्या नोंदींपैकी काय वाचून दाखवायचे ते आशाताई आणि शाळेच्या शिक्षकांबरोबर बसून ठरवा. आमच्या वेळी आम्ही फक्त एक आकडा वाचला होता: हंगामात गावातल्या किती म्हाताऱ्या माणसांजवळ रात्री एकही मोठे माणूस झोपायला नव्हते. त्यानंतर लोकांनी स्वतःच घरे सांगायला सुरुवात केली, आणि धारूरकडच्या त्या वस्तीवर पुढच्या दिवाळीपासून शेजारच्या घरातली एक विधवा चुलती रात्री झोपायला येऊ लागली. त्या मुलीने कडीचे घुंगरू मात्र तसेच ठेवले होते.